पंधरा इंची खर्ज

विल्याकडे एकशे साठ युरो होते,
ऑगस्टभर औलूबाहेरच्या दलदलीत वाकून
वेचलेल्या पिवळ्या बेरींचे.
नोटांना अजून डासांच्या औषधाचा वास येतो
असं ती म्हणाली. मी काही हुंगून बघितलं नाही.

तोवर ती यालमारीच्या गिटारच्या अ‍ॅम्पमध्येच
आपली वायर खुपसायची,
आणि तो एवढासा खोका सगळ्यात जाड तारेला
डांग्या खोकला झाल्यासारखा फडफडायचा.
दोष थोडा माझाही. मी ड्रमवाला.
माझा हात जड. आई म्हणते, राईचं पीठ मळतानासुद्धा जड.

दुकानात एक नवा होता, चाळीस वॉटचा,
अकरा बटणं, गुहेतला आवाज, पाण्याखालचा आवाज.
'घरी एकट्यानं वाजवायला झकास,' हेइमो म्हणाला.
मग माझ्याकडे बघून: 'हा पण असणार का खोलीत?'
असणार म्हटल्यावर त्यानं चाळीसवाला
हळूच पुन्हा फळीवर ठेवला.
'करवतीच्या कारखान्यात गुणगुणल्यासारखं होईल, पोरी.
शंभराच्या खाली बघूच नको.'
शंभराच्या वरचे होते की.
त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या आम्ही
उलट्या करून ठेवल्या, एवढंच.

वाचनालयाच्या फळ्यावर, हरवलेल्या मांजरीशेजारी,
हातानं लिहिलेला कागद:
बेस अ‍ॅम्प. दीडशे वॉट. पंधरा इंची स्पीकर.
दीडशे युरो. जड आहे. घासाघीस नाही.

दार लेम्पीबाईंनी उघडलं. आधी बूट काढायला लावले,
मग कॉफी, मग दालचिनीचा पाव,
मग कोपऱ्यातला तो,
मेणकापडाखाली, वर जिरेनियमची कुंडी.
त्यांचे ताउनो तळ्याकाठच्या नाचमंडपात
एकतीस उन्हाळे टँगो वाजवायचे.
आता खुर्चीत बसून होते, लोकरी मोजे, कान गेलेले.

विल्यानं वायर लावली. एकच सूर, खालचा, लांब.
कपाटातल्या बशा एकमेकींना चिकटून कुजबुजल्या.
ताउनोंनी मान वर केली नाही.
त्यांचा डावा मोजा हलला. पुन्हा हलला.
मग ते उठले, भिंत धरत धरत आले,
आणि अक्षरं पुसलेल्या बटणांतलं
मधलं एक चाचपून फिरवलं,
लाल ठिपक्यापर्यंत.

'माझं नेलपॉलिश,' लेम्पीबाई म्हणाल्या,
'अंधारात सापडावं म्हणून.'
ताउनो मोठ्यानं बोलले, कान गेलेली माणसं बोलतात तसे:
'खालचा आवाज सगळेच वाढवतात.
मधला वाढव. नाहीतर याच्यात बुडशील.'
'याच्यात' म्हणताना बोट माझ्याकडे.
मला कसं ओळखलं देव जाणे.

दीडशे म्हणजे दीडशे. एक युरो सुटला नाही.
फ्यूजचा डबा मात्र वर मिळाला,
आणि ताकीद: गार असताना चालू करायचा नाही,
आत घाम सुटतो, तीन तास थांबायचं.

उणे एकोणीस. यालमारीच्या आजीची ढकलघसरगाडी,
तिच्या खुर्चीवर विल्याचा कोट पांघरून अ‍ॅम्प,
मागे विल्या माझ्या कोटात, मी दोन स्वेटरांत.
उतारावर त्यानं आम्हाला ओढलं,
चढावर आम्ही त्याला. मध्ये एकदा
नदीच्या पुलावर तुइस्कू म्हणाली,
याच्यापेक्षा मी मोठ्यानं गायला शिकले असते.

गॅरेजात तीन तास बसलो,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.
कोणी काही बोलेना. यालमारी दर दहा मिनिटांनी
हात लावून बघायचा, अजून गार.

मग वाजवलं.
विल्यानं अर्थातच खालचा आवाज शेवटपर्यंत पिळला
आणि अर्थातच कुठेशी गायब झाली,
नुसतं पोटात काहीतरी डुचमळत होतं.
दुसऱ्या कडव्याला तिनं खाली वाकून
लाल ठिपका शोधला.

आणि ती आली. माझ्या उजव्या पायाच्या
बरोबर बाजूला येऊन उभी राहिली.
कोणी न सांगता माझा हात हलका पडला.
छपरावरचा बर्फ सरकून
शेजाऱ्याच्या गाडीवर कोसळला,
आणि तो फावडं घेऊन आला,
दारात उभा राहिला.

उरलेले दहा युरो आम्ही त्याला देऊ केले.
त्यानं विचारलं, बँडचं नाव काय.
ते अजून ठरायचं होतं.